हातभरच खण

आमच्या घरी तुरीची दाळ शिजायची ती नाल्यातल्या झिऱ्याच्या पाण्यात. विहिरीचं पाणी घातलं तर दोन-दोन तास रटरटूनही दाणा अख्खाच्या अख्खा राही. चहाची तीच गत, दूध टाकलं की फाटला. म्हणून घरात दोन पाण्यांच्या दोन जागा होत्या. पडवीतल्या रांजणात खारं, आणि आत देवाजवळच्या तिपाईवर पितळी गुंडात गोडं. खाऱ्याला कोणीही हात लावावा. गोड्यासाठी आजीला विचारावं लागे. पाहुणा दारात दिसला की ती आतूनच ओरडायची, "गोडं दे रे त्याले!" वसुलीला आलेल्या एका माणसाला मात्र तिने मुकाट्याने रांजणातलं पाजलं होतं. तो नंतर कधी आमच्याकडे पाणी प्यायला नाही. वसुली तेवढी करून गेला.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर आणि नऊशेच्या आसपास गावं. वरून पाहाल तर दृष्ट लागावी अशी काळीभोर जमीन. कापूस, तूर, मूग, हरभरा, सगळं पिकतं. पण खाली शेकडो फूट गाळ आणि चिकणमाती, आणि तिच्यात अडकून बसलेलं खारं पाणी. चिकणमातीतून पाणी धड सरकत नाही, त्यामुळे क्षार धुऊन जायला वाट नाही. विहिरीला पाणी असून आमची शेती कोरडवाहू, कारण तेच पाणी दोन-चार हंगाम ओलिताला दिलं तर रान पांढरं पडतं. घरांच्या भिंतींना खालून लोणा चढतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. १९३० साली गांधीजी दांडीला गेले तेव्हा वऱ्हाडातल्या सत्याग्रहींपुढे प्रश्न होता की समुद्र आणायचा कुठून. त्यांनी दहीहांड्याला विहिरीचं पाणी काढलं, आटवलं आणि मीठ केलं. हे ऐकून बाहेरच्या लोकांना गंमत वाटते. आमच्याकडच्या बायकांना विचारा, त्या म्हणतील, आम्ही रोजच करतो, फक्त दाळीत.

तर नाला. आमच्या नाल्याला नाव नाही. सरकारी नकाशात असेल काही. गावात तो नुसता 'नाला'. मिरगाचे पहिले दोन-तीन पाऊस तर रेतीच पिऊन टाकते, नाल्याला टिपूस दिसत नाही. मग आर्द्रात कधीतरी आमच्याकडे आभाळ कोरडं असताना वर सातपुड्यात कोसळतो आणि इकडे नाला येतो. आधी आवाज येतो. मग फेस, काड्या, पळसाची पानं, एखादी चप्पल, आणि त्यामागून लालसर पाणी. पोळ्यापर्यंत ते नितळतं, बैल धुवायला उतरतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला जल चढवायला हजारो कावडी गांधीग्रामच्या पूर्णेवर येतात आणि भरून रातोरात पायी परततात. त्या दिवसांत पूर्णाही गोडीच असते, वरच्या पावसाची. नवरात्रात नाला घोट्याएवढा. दिवाळीला बोटभर धार. संक्रांतीला धार तुटून डबकी. होळीला पाहाल तर पांढरी रेती, शेळ्यांच्या लेंड्या आणि पोरांचा क्रिकेटचा डाव.

परगावचा माणूस म्हणायचा, नाला आटला. आजी म्हणायची, नाला खाली बसला.

मग झिरे निघायचे. झिरा म्हणजे नाल्याच्या रेतीत खणलेला खड्डा, इतकं सांगितलं तर सांगून झालं. पण तो कुठे खणायचा यात खरी गंमत. आजी वळणाच्या आतल्या अंगाला बघायची, जिथे रेतीचा ढीग चढलेला असतो. पहाटे तिथे बोटांनी चाचपायची. काठावरचा करंज चैतात इतरांआधी पालवला असेल तर त्याच्या समोरची जागा. फुटक्या घमेल्याने रेती ओढायची, मग हातांनी. कोपरापर्यंत हात गेला की रेतीचा रंग बदलतो, गुळासारखा होतो. थोड्या वेळात खड्ड्याच्या कडांमधून पाणी यायला लागतं, पण ते येताना दिसत नाही. आधी रेती नुसती चमकते, मग तळाशी एक आरसा तयार होतो. पहिलं पाणी गढूळ, उपसून टाकायचं. दुसरंही टाकायचं. मग थांबायचं. कडा ढासळू नयेत म्हणून आमच्याकडे फुटलेल्या रांजणाचा गळा होता, तो आजी झिऱ्यात बसवायची, अगदी बेताने, जसा काही त्यालाच लागेल. करवंटीने पाणी घ्यायचं, गुंडाच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावर ओतायचं. दोन करवंट्या झाल्या की पुन्हा आरसा भरेपर्यंत बसायचं. एक गुंड भरायला दिवस किती वर आला हे बघूनच कळे. निघताना झिऱ्यावर बाभळीचा काटा, कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून.

कोणाचे झिरे वरच्या अंगाला आणि कोणाचे खालच्या, हेही ठरलेलं होतं, आणि ते पाण्याने ठरवलेलं नव्हतं. ते मला फार उशिरा दिसलं. लहानपणी दिसत होतं, पण कळत नव्हतं.

आजीचा एकच नियम होता. "हातभरच खण. दोन हात खणशीन त खारं लागन." नऊ-दहा वर्षांचा असताना मी हा नियम मोडला. झिरा सावकाश भरतो म्हणून कंटाळलो होतो, आजी बाजूला कोणाशी बोलत होती, मी घमेलं घेतलं आणि खणत सुटलो. पाणी भसाभसा आलं. ओंजळीने प्यायलो आणि तिथेच थुंकलो. आजीने मारलं नाही, पण सगळा खड्डा मला परत बुजवायला लावला आणि घरी जाईपर्यंत बोलली नाही. त्या जागेचं पाणी आठवडाभर तसंच लागत होतं. पुढे कॉलेजात कळलं की गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, ते पावसाळ्यात रेतीत मुरतं आणि खाऱ्याच्या डोक्यावर तरंगत राहतं, दुधावर साय राहावी तसं. जोरात उपसलं किंवा खोल गेलं की खालचं वर येतं. मास्तरांनी फळ्यावर आकृती काढली होती. मला मात्र पाठमोरी चालणारी आजी दिसत होती.

आईचं माहेर आमच्यापासून पंचवीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही लाल डब्यातून तिकडे जायचो तेव्हा आई पिशवीत काहीही घ्यायची, पाणी घ्यायची नाही. मामाच्या दारात उतरलो की मामा आधी माझ्या पाया पडायचा. विदर्भात भाच्याच्या पाया पडतात. मिशीवाला, सहा फुटी माणूस वाकला की मी संकोचून पाय मागे घ्यायचो आणि तो ते पकडून पडायचाच. तिथे संत्र्याची बाग, केळी, चाळीस फुटांवर पाणी असलेली विहीर. दाळ वीस मिनिटांत शिजायची. माहेरी दाळ शिजवताना आई उगीचच ताठ बसलेली असायची, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र उलटी होती. तोच नाला मामाच्या गावाजवळून येतो, पण तिथे तो दिवाळीलाच कोरडा. नुसते गोटे. मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "मामा, तुमचा नाला आमच्या आधी आटते." मामा हसला. "आटत नाही भाचे, बुडते. चला दाखवतो." आम्ही गोट्यांवरून वर चालत गेलो. डोंगराच्या तोंडाशी नाला चांगला पोटरीएवढा वाहत होता, थंडगार. तिथून आम्ही पाण्याच्या सोबत परत खाली यायला लागलो. दर दहा-वीस पावलांवर तो बारीक होत होता. कुठे खड्डा नाही, कुठे भोवरा नाही, आवाजही नाही. पोटरी, घोटा, बोटं, मग नुसते ओले दगड. शेवटचा ओला गोटा मला अजून आठवतो, निम्मा काळा आणि निम्मा पांढरा. मी एक पाय ओल्यावर आणि एक कोरड्यावर ठेवून उभा राहिलो. मामा म्हणाला, "अठून खाली तो जमिनीतून जाते. कुठी निघते ते त्याले ठाऊक."

कुठे निघतो ते मला ठाऊक होतं. निदान थोडं तरी. पण तेव्हा माझ्या डोक्यात दोन नाले दोन गावांचे होते.

सातपुड्यातून उतरणारा नाला पावसाळ्यात दगडमाती घेऊन सुटतो आणि सपाटीला आला की त्याचा जोर सरतो. मग तो ओझं टाकत जातो. हे कळायला खळ्यावर उफणणी पाहिलेली पुरते. सुपातून सोडलं की दाणा पायाशी पडतो, कोंडा थोडा लांब, भूस आणखी लांब. तसंच मोठे गोटे डोंगराच्या पायाशी पडतात, मग बारीक गोटे आणि रेती, आणि सगळ्यात बारीक चिकणमाती पार पूर्णेपर्यंत जाते. मामाचं गाव दाण्यावर बसलंय, आमचं भुसावर. गोट्यांमधून पाणी सरळ खाली जातं म्हणून तिथे नाला बुडतो आणि विहिरी गोड्या राहतात. ते आतल्या आत उताराने सरकत येतं, चिकणमाती आडवी आली की अडतं, आणि जिथे नाल्याची रेती सापडेल तिथे वर डोकावतं. आमच्या झिऱ्यातलं सगळंच पाणी मामाकडून येत नसेल, बरंचसं आमच्याच पावसाचं असेल. पण त्या करवंटीत मामाचाही वाटा होता.

पायथ्याच्या या पट्ट्याला भूजलवाले 'बजाडा' म्हणतात. मला हा शब्द वऱ्हाडीच वाटायचा, झगडा-रगडा सारखा. निघाला स्पॅनिश. अर्थ साधाच, उतार. अमेरिकेतल्या वाळवंटांतले डोंगरपायथे अभ्यासताना तो भूगोलात रुळला आणि तिथून आमच्या अकोट-तेल्हाऱ्याच्या अहवालांत येऊन बसला. वाळवंटातला शब्द संत्र्याच्या बागेत काय करतो, म्हणून मी वाचत गेलो. अनेक रात्री त्यात गेल्या, बायकोने विचारलंही की परीक्षा आहे का.

जैसलमेरकडे वर्षाला २०० मिलिमीटर पाऊसही धड होत नाही. अकोल्याकडे ७००-८०० होतो. म्हणजे आम्ही वाळवंट नाही. पण खोऱ्याची बांधणी पाहिली तर मात्र नात्यातली. राजस्थानातली लुणी अजमेरजवळ अरवलीत निघते, बालोतऱ्यापर्यंत गोडी असते, पुढे खारी होत जाते आणि समुद्राला न मिळता कच्छच्या रणात विरते. नावातच लवण. तिकडे कच्छच्या बन्नीत गुरं पाळणारे मालधारी लोक सखल जागी 'विरडा' खणतात, कडेला लाकडं आणि गवत लावतात, आणि खाऱ्यावर तरंगणारं पावसाचं गोडं पाणी वरच्या वर काढतात. हे वाचलं आणि मला रांजणाचा गळा आठवला. आजी अकोल्याच्या पलीकडे फारशी कुठे गेली नव्हती.

आणि अमेरिकेत नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर एक नदी आहे, अमरगोसा. हाही शब्द स्पॅनिशच, अर्थ कडू. ती बहुतेक वाट जमिनीखालून चालते, मधूनच एखाद्या गावाशी वर येते, पुन्हा बुडते, आणि डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली मिठात संपते. तिच्या खोऱ्यात वाळवंटाच्या मधोमध झऱ्यांचा एक पट्टा आहे आणि त्यात डेव्हिल्स होल नावाचं खडकातलं कुंड. त्या कुंडात जेमतेम इंचभर लांबीचा एक निळा मासा राहतो. निसर्गात तो दुसरीकडे कुठेही नाही. पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक उथळ कातळ आहे, त्यावर तो अंडी घालतो. जवळच्या एका शेतमालकाने विहिरी मारून उपसा सुरू केला, कुंडातली पातळी उतरायला लागली, कातळ उघडा पडायची वेळ आली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७६ मध्ये निकाल लागला की माशापुरतं पाणी कुंडात राहिलंच पाहिजे, उपसा त्या बेताने करा.

मी हे वाचून मोबाईल उपडा ठेवला. मला मामा आठवला.

मामाच्या चाळीस फुटांच्या विहिरीत मी पोहायला शिकलो. मी बारावीत होतो तेव्हा तिला आडवे बोअर मारले. मग बाजूला उभा बोअर, दीडशे फूट. संत्र्याला उन्हाळ्यात पाणी नाही मिळालं तर झाड जळतं, आणि एक झाड धरायला सात-आठ वर्षं जातात, त्यामुळे माणूस काहीही करतो. पुढचा बोअर तीनशे फूट, मग साडेचारशे. हे एकट्या मामाचं नाही. वरुडचा संत्रापट्टा भूजलाच्या अतिशोषित यादीत गेला तो असाच, एकेक बाग वाचवता वाचवता. आणि इकडे आमच्या नाल्यात झिरा आधी हातभर होता तो दीड हात झाला, आणि दीड हातावर लागायचं ते धड गोडं नव्हतं. आमच्या घरात हे दोन्ही विषय निघायचे. मामाचा बोअर आटला म्हणून हळहळ, झिरा आटला म्हणून हळहळ. दोन्ही एकाच वाक्यात कोणी घेतले नाहीत. आईसमोर कोण घेणार?

मी एकदा घेतले. मामाकडे लग्नाला गेलो होतो, तो नेहमीप्रमाणे पाया पडला, गुडघे दुखत असताना, आणि अर्ध्या तासाने मी त्याला नाला कसा बुडतो आणि कुठे निघतो ते समजावून सांगत होतो. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "बरोबर हाय तुमचं भाचे. पण मंग झाडं जळू देऊ काय?" त्या कुंडाला निदान मासा होता, मासा कोणाचा सोयरा नव्हता. मी मामाला म्हटलं, नाही, जळू नका देऊ. आणि आम्ही जेवायला बसलो.

आता खोटं कशाला बोलू, झिरे मामाने बुडवले असं म्हणून मला सुटता येणार नाही. खरा घाव रेतीवर पडला. आमच्या पिढीत गावात सिमेंटची घरं झाली, माझंही झालं, आणि रेती कुठून आली हे ट्रॅक्टरवाल्याला कोणी विचारलं नाही. उरलेली एका योजनेत गेली. उन्हाळ्यात पोकलेन आलं, नाला सरळ केला, रुंद केला, खोल केला. वळणं गेली. आतल्या अंगाला रेतीचा ढीग चढायला वळण लागतं, हे पोकलेन चालवणाऱ्या पोराला कोण सांगणार, तो परप्रांतातून आलेला, तासावर काम करणारा. पावसाळ्यात नाल्यात पुरुषभर पाणी थांबलं, फोटो निघाले, सगळे खूश. खाली चिकणमाती, पाणी मुरलं नाही, उन्हाने उडालं, आणि काठाला पांढरी किनार राहिली. मीही त्या फोटोत आहे.

आता नळ आहे. सातपुड्यातल्या धरणाचं पाणी पाइपातून येतं, दाळ शिजते. गंमत अशी की हे पाणीही त्याच डोंगरातलं, फक्त गोटे आणि रेती टाळून आलेलं. नळ कधी आठ दिवसांनी येतो, कधी बारा. आला की लग्नघरासारखी पळापळ. मधल्या दिवसांत वीस लिटरच्या कॅनचं पाणी. गुंड कपाटावर गेला.

आजी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या अखितीला बाबांनी कुंभाराकडून मडकं आणलं. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याचं मडकं भरतात, वर आंबा, सोबत पुरण-चिंचोणी. बायकोने कॅन पुढे सरकवला. बाबा म्हणाले, "मायले कॅनचं पाणी देऊ काय?" आणि घमेलं घेऊन निघाले. वय अठ्ठ्याहत्तर. मला मागे जावंच लागलं.

नाल्यात रेती शोधावी लागली. रस्त्याच्या पुलाखाली, खांबाच्या आडोशाला, जिथे पोकलेनचा हात पोचला नाही, तिथे खाटेएवढी उरली होती. बाबा बसले, हाताने ओढायला लागले. कोपर गेलं. रेतीचा रंग बदलला. "बस," ते म्हणाले, "आता खणू नको." आम्ही पुलाच्या सावलीत थांबलो. वरून एक ट्रॅक्टर गेला, दोन मोटरसायकली गेल्या. बराच वेळ नुसती चमक होती. मग तळाला बशीएवढा आरसा झाला. पहिलं पाणी टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला दीड तांब्या भरायला तासभर गेला.

मी घोट घेतला. मचूळ होतं. माझ्या खिशात पाण्यातले क्षार मोजायचं ते पेनासारखं मीटर होतं, मी ते बुडवलं. आकडा आला ११४०.

"म्हंजे किती?" बाबांनी विचारलं.

"फार नाही अन् कमीही नाही."

"दाळ शिजन काय?"

एक तांब्या मडक्यात गेला. उरलेल्या अर्ध्यात बाबांच्या हट्टापायी मूठभर दाळ कुकरला लावली. सात शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं तर काही दाणे फुटले होते, काही तसेच होते. बाबांनी एक दाणा बोटांत धरून दाबला, थोडा वेळ बघितला, आणि म्हणाले, "आणखी दोन होऊ दे."